प्लेटांखालचा पानमळा

आमच्या पॉलीहाऊसच्या छतावर सोलरच्या प्लेटा बसल्या त्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात. बसवणारी माणसं जाताना माझ्या हातचा चहा पिऊन म्हणाली, "वहिनी, आता तुम्हाला कसली काळजी नाही." असं कुणी मला सांगितलं की माझी काळजी तिथूनच सुरू होते. पण त्या दिवशी मीही खूश होते, हे कबूल केलं पाहिजे.

तिसगावपासून जवळच, वस्तीवर आमचं वीस गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे. आत ढोबळी मिरची. उन्हाळ्यात दुपारी आत उभं राहवत नाही इतकं तापतं, तेव्हा वरून बारीक तुषार सोडणारे फॉगर चालू लागतात आणि मिरची जीव धरते. पण आमच्याकडची शेतीची लाईट दुपारीच कुठं तरी हवा खायला जाते. दोन उन्हाळे आम्ही फुलं गळताना बघितली. म्हणून नवऱ्याने सोलरचं मनावर घेतलं, आणि प्लेटांसाठी वावर कशाला अडवायचं म्हणून त्या छतावरच घ्यायचं ठरवलं. लोखंडी सांगाडा वेगळा उभारला आणि छताच्या दक्षिणेकडच्या उतारावर, मध्ये फटी सोडत, प्लेटा टाकल्या. खाली पिकाला ऊन, वर विजेला ऊन, असा हिशेब. कागदावर तो फार सुरेख दिसत होता.

पॉलीहाऊस माझ्याकडे होतं. नवरा डाळिंबाचं आणि बाजाराचं बघायचा. मी मूळची भिंगारची. वडील लष्कराच्या भांडारात सिव्हिलियन कारकून, दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि शेती म्हणाल तर खिडकीत डब्यात लावलेली तुळस. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला बाजरी आणि ज्वारीचं ताट ओळखू यायचं नाही, आणि ते साऱ्या वस्तीला माहीत होतं. पहिली काही वर्षं मी स्वयंपाकघरात काढली. सासूबाई गेल्या, त्यानंतर काही वर्षांनी पॉलीहाऊस उभं राहिलं आणि ते बघायला कुणी नाही म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मला ते मनापासून आवडलं. सकाळी दार उघडलं की आत दमट, गार वास यायचा. कुठल्या रोपाला कुठली फांदी ठेवायची आणि कुठली खुडायची ते मी ठरवायची आणि कुणी मध्ये बोलायचं नाही. माझ्या मनासारखी चालणारी तेवढी एकच जागा होती, आणि तिच्याबाबत मी जरा हावरट होते.

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. पंचाहत्तरीचे, किडकिडीत, अंगाला माती लागल्याशिवाय चैन न पडणारे. पण पॉलीहाऊसमध्ये ते कधी आले नव्हते. रोज दारापर्यंत यायचे, आत बघायचे आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचे. झाकलेल्या शेतात आपलं काय काम, असं त्यांचं म्हणणं. प्लेटा बसल्या तेव्हा मात्र ते नवऱ्याला म्हणाले होते की रोपांच्या डोक्यावर लोखंड ठेवलं, आता रोपं मान वर कशी करणार. नवरा हसला. कंपनीच्या माणसाने सावली पंचवीस टक्के, तीस टक्के असं काही तरी सांगितलं होतं आणि आम्हा दोघांना ते पटलं होतं.

पौषात कळलं की मामांचं बरोबर होतं. उत्तरेकडच्या तीन गादीवाफ्यांवरची मिरची उंच झाली, पानं हातभर, बघायला दृष्ट लागेल अशी, आणि फळ नाही. फुलं यायची आणि आधाराला टांगलेल्या दोऱ्यांखाली गळून पडायची. नवऱ्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, सूर्य उत्तरेकडे सरकला की होईल ठीक. सूर्याच्या भरवशावर मिरची ठेवणारी बाई मी नव्हे. मी घरातली रांगोळीची पिशवी उचलली आणि पॉलीहाऊसमध्ये गेले.

सकाळी आठला प्लेटांच्या सावलीची कड जिथं होती, तिथं जमिनीवर रांगोळीची रेघ ओढली. नऊला दुसरी. दहाला तिसरी. असं दर तासाला, घरची कामं सोडून. कामाला येणाऱ्या दोघी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. दुपारपर्यंत वाटांवर, गादीवाफ्यांवर पांढऱ्या रेघाच रेघा झाल्या. तेवढ्यात मामा नेहमीसारखे दाराशी आले. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "कुनाचं लगीन हाय?"

मी वैतागलेलीच होते. मी त्यांना रागाने समजावून सांगितलं: ही आठची सावली, ही नऊची, आणि ही बघा, ह्या तीन वाफ्यांवर दिवसभर ऊनच पोचत नाही. त्यांनी ऐकलं. मग चपला दाराबाहेर काढल्या आणि पहिल्यांदा आत आले. एकही रेघ न मोडता, पाय उचलून उचलून, ते थेट त्या तीन वाफ्यांपाशी गेले आणि वाटेवर उकिडवे बसले. वर बघितलं. हात पुढे करून हातावर पडलेला उजेड बघितला, तो मागं-पुढं करून परत बघितला. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं.

ते म्हणाले, "आसली सावली कराया आमाला दोन सालं शेवरीची झाडं वाढवावी लागायची. ही पानमळ्याची सावली हाय."

आमच्या घरात पानमळ्याचं नाव निघायचं नाही. एवढंच मला माहीत होतं की माझ्या लग्नाआधी विहिरीच्या खालच्या अंगाला मामांचा खायच्या पानांचा मळा होता आणि एका दुष्काळात तो गेला. तिथं आता नवऱ्याचं डाळिंब आहे. एक-दोनदा मी विचारलं होतं तेव्हा मामा उठून बाहेर गेले होते, म्हणून मी परत विचारलं नाही. आता तेच मामा माझ्या मिरचीत बसून सांगत होते की पानवेलीला सकाळचं थोडं ऊन चालतं, दुपारचं नाही. वारा चालत नाही. अंगाभोवती ओल लागते. आणि हे सगळं इथं आयतं आहे. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना ते तीन वाफे देऊन टाकले. उदार मनाने दिले असं नाही. तिथं तसंही काही पिकत नव्हतं.

फाल्गुनात ते एसटीने बहिणीच्या गावी गेले. ही त्यांची थोरली बहीण, तिला सगळे आक्का म्हणतात. तिच्या मुलांनी अजून थोडा पानमळा राखला आहे. तिसऱ्या दिवशी मामा परतले ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेले वेलीचे तुकडे मांडीवर घेऊन. कंडक्टरने ओझं वर टाका म्हटलं तर त्याच्याशी भांडले म्हणे. धोतर भिजलेलं, चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा आनंद. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्यांनी वेल लावली.

मिरचीच्या दोरीवर पानवेल चढत नाही, तिला धरायला खरबरीत काही तरी लागतं. म्हणून त्यांनी वेळूच्या काठ्यांना गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि त्या काठ्या ओळीने रोवल्या. मग रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते पॉलीहाऊसमध्ये यायला लागले. दारात चपला काढायच्या, हात-पाय धुवायचे आणि पोत्यावर बसून एकेका वेलीला हात लावत पुढे सरकायचं. पानमळ्यात चपला घालून जात नाहीत, हे त्यांनी मला सांगितलं आणि मीही काढू लागले. गार मातीवर अनवाणी चालायला मला बरंच वाटायचं.

वेल बांधायला त्यांनी मला शिकवलं. ओढ्याकाठचं लव्हाळं वाळवून ठेवायचं, त्याची पाती लागेल तशी भिजवून घ्यायची, काठी आणि वेल यांच्याभोवती एकदा फिरवायची आणि नुसती पिळून खोचायची. माझी पहिली गाठ बघून ते म्हणाले की ही बैल बांधायची गाठ झाली. वेलीला बांधायचं नसतं, नुसतं जवळ ठेवायचं असतं. मी मिरचीची कामं उरकून तासभर त्यांच्याजवळ बसायला लागले. माझे वडील बोलके होते, ते गेल्यापासून माझ्याशी कुणी असं निवांत बसून काही शिकवायला बोललं नव्हतं. मला मामांचा लळा लागला, असं सरळच लिहिते. सहावीतली माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर घेऊन तिथंच येऊन बसायची, कारण सगळ्या वस्तीत तेवढीच जागा गार होती. सूर्य उत्तरेकडे सरकला तरी त्या तीन वाफ्यांवरची दुपारची सावली हटली नव्हती. प्लेटांच्या विजेवर फॉगर चालत होते, फॉगरांवर वेल वाढत होती. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा की हे सगळं आपण ठरवूनच केलं आहे.

आणि मग एका रात्री जेवताना नवरा भाकरी मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा म्हणत होते... म्हणजे पानमळ्याचं तसं असतं... तुझे ते चार दिवस असतात ना, तेव्हा तू तेवढे दिवस आत जाऊ नको. बाईची सावली पडली की वेल सडते, असं म्हणतात."

त्यावर मी जे बोलले ते शेजारच्या वस्तीपर्यंत गेलं असावं. आमच्या भिंगारच्या क्वार्टरमध्ये आई कधी बाजूला बसली नाही. दोन खोल्यांत बाजू असते कुठं, असं वडील म्हणायचे. ह्या घरातही सासूबाईंनंतर ते कुणी पाळत नव्हतं. आणि आता, ज्या एका जागेत मी कुणाला न विचारता जात होते, तिथं मला महिन्याचे चार दिवस बंदी. मिरचीला माझं चालतं आणि पानाला चालत नाही, असं कोणतं पान लागून गेलं? बरं, दार एकच, छत एकच. मग चार दिवस मिरची कोण तोडणार? आणि मी बाहेर थांबले की कामावरच्या दोघींपासून मामांपर्यंत सगळ्यांना माझ्या तारखा पाठ होणार. वर्ष-दोन वर्षांत माझ्या मुलीलाही दप्तर उचलून बाहेर जायला सांगणार. हे सगळं मी बोलले. नवरा पाणी प्यायला आणि म्हणाला, बघ बाबा, मी आपला निरोप सांगितला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की मामांनी मला स्वतः सांगितलं नाही. रोज तासभर शेजारी बसून लव्हाळं पिळायला शिकवणारा माणूस एवढं माझ्याशी बोलू शकला नाही.

मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते समजले की मी मानलं. मी त्यांना तसं समजू दिलं. पुढच्या महिन्यात ते दिवस आले तेव्हा मी नेहमीसारखी चपला काढून आत गेले, मिरची तोडली, त्यांच्या शेजारी बसले आणि वेल बांधली. चेहरा एवढा कोरा ठेवला की आरशात बघितला असता तर मलाच हसू आलं असतं. त्यांनी काही विचारलं नाही. वेलीला काही झालं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही.

मी जिंकले होते, पण सुख लागत नव्हतं. माझा त्या गोष्टीवर तसूभर विश्वास नाही. तरी एखादं पान पिवळं दिसलं की मी मामांच्या आधी ते खुडून पदरात लपवायची. ह्या वेलीवर ते माणूस परत उभं राहिलं होतं. जेवण वाढलं होतं, सकाळी शीळ घालत दाढी करत होते. वेल गेली आणि त्यांना कळलं की मी रोज आत होते, तर ते मला काही बोलणार नाहीत, नुसतं पोतं उचलून लिंबाखाली जाऊन बसतील, हे मला पक्कं माहीत होतं. मला त्याची भीती वाटायची. आणि भीती वाटते म्हणून स्वतःचा राग यायचा.

श्रावणात वेल माझ्या खांद्याला आली. पाऊस यंदा बरा होता. राखीपौर्णिमेच्या चार दिवस आधी मला पहिला डाग दिसला. पानाच्या कडेला काळा, ओला, बोटाला चिकटणारा. मी ती पानं काढली. दुसऱ्या दिवशी आणखी होती. मग मामांनाही दिसली. ते एकेक पान उलटून बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पौर्णिमेला आक्का आल्या. कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. चहासुद्धा न घेता त्या म्हणाल्या की आधी मला येल दाखवा. आम्ही सगळेच मागोमाग गेलो: मामा, नवरा, मी, मुलगी. आक्कांनी चपला काढल्या, वाकून वाफ्याच्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वेलीच्या ओळीने चालू लागल्या. वर प्लेटा आहेत, त्यांची सावली आहे, हे त्यांना नवरा समजावून सांगत होता. त्यांचं लक्ष नव्हतं. सात-आठ काठ्यांवरची पानं काळी पडली होती. त्यांनी एक पान तोडून नाकाशी नेलं आणि मागं वळून विचारलं, "आत कोन आल्तं?"

नवरा वरच्या प्लेटा मोजायला लागला. माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला काही कळत नव्हतं, पण काही तरी चुकलं आहे आणि ते आईचं आहे, एवढं तिला कळलं होतं. तिच्या त्या बघण्यानेच मी बोलले.

म्हटलं, "मी येते, आक्का. रोज येते. त्या चार दिवसांतही. वेल लावली तेव्हापासून."

एवढं बोलून मी मामांकडे बघायचं टाळलं. माझ्या डोळ्यांसमोर ते पोतं आलं, आणि लिंबाखालची जागा. मनात म्हटलं, संपलं आता. आक्का काही तरी बोलायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात मामाच बोलले. आवाज चढवला नाही. ते वेलीकडे बघत बोलत होते.

"आक्का, मळा वाळला तवा बी तू हेच इचारलं हुतंस. आत कोन आल्तं. ती चुलीम्होरं बसली हुती. समद्यांनी तिच्याकडं बगितलं, आन् म्या काय बोललो न्हाई."

ती म्हणजे माझ्या सासूबाई. आक्का म्हणाल्या की आता ते कशाला काढतोस. मामा थांबले नाहीत.

"हिरीचं पानी आटलं हुतं. टँकर वस्तीपातूर येत नव्हता, रस्त्यावर थांबायचा. तितनं ती हंडा हंडा आणून येलीला घालायची. दोन म्हयनं. एक दिस खाडा न्हाई. दोन म्हयन्यात तिचं ते दिस आलं नसत्याल व्हय? मला दिसत हुतं. म्या मान फिरवायचो, कारन पानी पायजे हुतं. मळा टँकर बंद झाला म्हनून वाळला. तिच्या पायानं न्हाई वाळला. हे मला ठावं असून म्या गप बसलो."

आक्का हळूहळू खाली बसल्या, वाटेवरच, मातीत. हातातलं काळं पान त्यांनी बराच वेळ टाकलं नाही. मग म्हणाल्या, "मंग तवाच बोलायचं हुतंस की रं, भाऊ."

मामा हो म्हणाले.

त्यानंतर घरी येऊन आक्कांनी राखी बांधली. गाठ त्यांच्या हातून बसेना, मुलीने बांधून दिली. जाताना आक्कांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी माझ्या हातात लव्हाळ्याची एक जुडी ठेवली, त्यांच्या ओढ्यावरची, आणि म्हणाल्या की तुमच्याकडचं लव्हाळं आखूड असतंय, पिळायला ह्येच बरं.

दोन दिवसांनी बारीक पाऊस लागला आणि मी पॉलीहाऊसमध्येच होते. काळी पानं एका ओळीत होती, हे तोवर माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सावलीच्या रेघा ओढणाऱ्या बाईला एवढं दिसू नये, म्हणजे मीही डाग बघत नव्हते, स्वतःलाच बघत होते. वर पाहिलं तर प्लेटेच्या सांगाड्याचा एक नटबोल्ट वाऱ्याने छताच्या प्लास्टिकवर घासत होता आणि तिथं ते चिरलं होतं. प्लेटेवरून वाहत आलेलं सगळं पाणी त्या चिरेतून, थेंब थेंब, नेमकं त्या सात-आठ काठ्यांवर पडत होतं. नवऱ्याने वर चढून चिकटपट्टी लावली, नटबोल्टाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. मामांनी सडकी पानं बाहेर नेऊन जाळली. पंधरा दिवसांत त्याच काठ्यांवर नवे कोंब दिसायला लागले. नवऱ्याने दोन वेळा सगळ्यांना सांगितलं की बघा, कारण वरचं होतं. मामांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचं जे सांगून व्हायचं होतं, ते चीर सापडायच्या आधीच सांगून झालं होतं.

भाद्रपदात ते दिवस परत आले. ह्या वेळी मी पॉलीहाऊसच्या दारात थांबले. मामा आत पोत्यावर बसले होते. मी म्हटलं, "मामा, मला आज पाळी आली आहे. मी आत येते आहे." असं सासऱ्याला तोंडावर सांगणारी ह्या पंचक्रोशीत मी पहिलीच असेन. माझे कान तापले होते. मामा "बरं" म्हणाले आणि पोत्यावर जरा सरकून त्यांनी मला जागा केली. लव्हाळ्याची पाती माझ्यापुढे ठेवली.

आम्ही दोघं वेल बांधत होतो. एक काठी झाली, दुसरी झाली. मला वाटत होतं की आता ते काही तरी बोलतील, माझ्या धीटपणाबद्दल वगैरे. ते बोलले, पण ते वेगळंच होतं.

"तुला ती कदी काय बोलली हुती का गं? मळ्याचं?"

सासूबाई माझ्या लग्नानंतर तीन वर्षांनी गेल्या. शेवटचा हिवाळा त्या अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं मीच करत होते. एकदा अंगणात उन्हाला बसवून मी त्यांची वेणी घालत होते, तेव्हा मध्येच त्या म्हणाल्या होत्या, "मळा माज्या पायानं गेला." तक्रार नव्हती, रडणं नव्हतं. आपल्या उंचीबद्दल किंवा गावाबद्दल सांगावं तसं सांगितलं आणि पाणी मागितलं. मी नवी होते, मला काही ठाऊक नव्हतं. असं काही नसतं हो आई, असं म्हणून मी पाणी आणायला गेले. त्या ते धरूनच गेल्या. मामांना वाटत होतं, निदान तिला माहीत असेल, की आपण तिला कधी दोषी धरलं नाही. तिला माहीत नव्हतं.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलायचं तर आधी पोटभर जेवून यावं. खोटं मला जमत नाही, त्या चार महिन्यांच्या कोऱ्या चेहऱ्याचंही मला ओझं झालं होतं. मामा लव्हाळं हातात धरून थांबले होते. त्यांच्या बोटांना पानांच्या देठाचा हिरवा रंग लागला होता.

मी म्हटलं, "बोलल्या होत्या की. म्हणाल्या, टँकर बंद झाला आणि मळा गेला. म्हणाल्या, ह्यांना सगळं माहीत होतं. ह्यांनी मला मनातून कधी बोल लावला नाही."

मामांनी मान हलवली. हातातली पाती काठीभोवती फिरवली, पिळली, नीट खोचली. मग दुसरी पाती उचलली आणि ती नुसतीच बोटांत धरून ठेवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"आन् आजून काय म्हनाली?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशीची मिरची तोडायची राहिली. ती तशीच राहू दिली, आणि मी सांगत राहिले.